घरचं घाबरणं

आमच्याकडे पोळा सरला की घाम येणं ही साधी गोष्ट राहत नाही. कपाशी छातीला, कुठे कुठे डोक्याला लागलेली असते, वावरावावरात पाठीवरचे पंप फिरत असतात, आणि एखाद्याने नुसतं कपाळ पुसलं तरी शेजारीण विचारते, "लागलं का व?" फवारणीचं औषध लागलं का, एवढं मोठं वाक्य बोलायला कुणाला वेळ नसतो.

म्हणून मागच्या वर्षी मला पहिल्यांदा झालं, तेव्हा कुणाचं डोकं दुसरीकडे गेलंच नाही.

मी सपरीत, म्हणजे घरासमोरच्या पडवीत, अंबाडीची भाजी निवडत बसले होते. वावरात गेले नव्हते, औषधाची बाटलीही पाहिली नव्हती. एकाएकी छातीत धडधड सुरू झाली, ती अशी की पदर हलताना मला दिसत होता. मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, जीभ टाळूला चिकटलेली. हवा समोर होती, सगळं अंगण भरून होती, पण माझ्या आत काही ती शिरेना. मला स्वच्छ कळलं की मी मरते आहे. दूध उतू जाणार हे चुलीसमोर बसलेल्या बाईला कळतं, तसं कळलं.

सून समीक्षा ओरडली. चार बाया धावल्या. औषध लागलेल्या माणसाचे कपडे काढा, साबणाने धुवा, हे आता आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांनी मला न्हाणीत लुगड्यासकट बसवलं आणि पितळी गुंडामागून गुंड पाणी ओतलं. शेजारच्या जमनीबाईने तर भांड्यांची घासणीच उचलली. मी मरत होते आणि मनात म्हणत होते, ही घासणी सकाळीच कढईला लावली होती.

मग इकबालभाईंच्या गाडीत टाकून फाट्यावरच्या डॉक्टरकडे. इकबालभाईंचं आमच्या गावाच्या वळणावर गॅरेज आहे. पंप, मोटारसायकल, शिलाई मशीन, काहीही दुरुस्त करतात, आणि त्यांच्याकडे एक जुनी ओमनी आहे, तीच गावची ॲम्ब्युलन्स. फाट्यावर सलाईन लागली. अर्ध्या तासात मी ठणठणीत. सगळं श्रेय सलाईनला.

असं सात वेळा झालं. सात वेळा धुतलं, सात वेळा उचललं, सात बाटल्या अंगात गेल्या. फवारणी संपली, कापूस घरात आला, संक्रांतीचं वाण वाटून झालं, तरी मला औषध लागायचं थांबेना. तेव्हा कुठे नवऱ्याला, भगवानरावांना, शंका आली.

"आता कोनती फवारणी व? वावरात तं पऱ्हाटीचे खुंटं उभे हायत."

मला माहीतही होतं आणि नव्हतंही.

आमच्या वावरात फवारायला उकंडा नावाचा गडी यायचा. औषध कालवून द्यायचं काम माझं. टोपणाने मोजून, बादलीत काडीने फिरवून, पंपात ओतून. पंधरा वर्षं मीच कालवत होते. मागच्या वर्षी सप्टेंबरात उकंडा दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसला तो उठलाच नाही. अकरा दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण परत आला तो निम्मा माणूस. आता शेळ्या राखतो, आणि उन्हात डोळे उघडत नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उकंडाच म्हणाला, "वहिनी, वारं फिरलं, तुमचा काय दोष." कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. मी भांडून मोकळी झाले असते.

तो घरी आला आणि तीन आठवड्यांनी माझी अंबाडी निवडायची राहिली.

मार्चमध्ये समीक्षा मला वणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त घेतलं. सगळं बरोबर. मग आम्हाला कोपऱ्यातल्या एका खोलीत पाठवलं. खोलीवर 'मनोविकार' अशी पाटी होती. ती वाचून भगवानराव म्हणाले, "मी चहा पिऊन येतो," आणि दोन तासांनी उगवले.

आत माझ्या सुनेच्या वयाची डॉक्टरीण होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा:

"मावशी, असं होतं तेव्हा तोंडाचं काय होतं? पाणी सुटतं की कोरडं पडतं?"

"कोरडं. पार लाकूड होते."

"आणि किती वेळ राहतं?"

"सलाईन लावेपर्यंत."

"सलाईन उशिरा लागली तर?"

मी विचार केला. एकदा रस्त्यात गाडी पंक्चर झाली होती. टायर बदलून होईपर्यंत मी बरी होऊन इकबालभाईंना पाना देत होते, आणि तरीही पुढे जाऊन सलाईन घेतली होती. हे मी तिला सांगितलं. ती हसली. मीही हसले. मग मला रडू आलं, ते आवरेना. तिने 'आवरा' असं म्हटलं नाही.

तिने समजावलं ते मला अजून तोंडपाठ आहे. "मावशी, वावरात रानडुकरासाठी भोंगा लावता ना? समजा, डुक्कर नसताना तो वाजायला लागला. तर आवाज खोटा आहे का? आवाज खराच. तुमची धडधड खरी, घाम खरा, मुंग्या खऱ्या. फक्त डुक्कर नाही." हे औषध लागणं नाही, हे कसं ओळखायचं तेही तिने सांगितलं. ते औषध माणसाला ओलं करतं. लाळ, पाणावलेले डोळे, उलटी, डोळ्यांतली काळी बाहुली बारीक होते. भीती माणसाला कोरडं करते, आणि बाहुली मोठी होते. औषध आपलं आपण उतरत नाही. भीती उतरते. चढते, माथ्यावर जाते आणि उतरते. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास.

"तेवढा वेळ धावायचं नाही. बसायचं, तळपाय जमिनीला टेकवायचे. श्वास आत घेताना चार मोजायचं, सोडताना सहा. अंगाला म्हणायचं, तुला थरथरायचं तर थरथर, मी इथेच बसले आहे. आणि सलाईन बंद. दरवेळी तुम्हाला वाटतं सलाईनने वाचवलं, म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते."

एक गोळी दिली, ती रोज घ्यायची. आणि सांगितलं की ज्या ज्या गोष्टीला टाळता आहात, तिच्याजवळ थोडं थोडं जा. घाई नाही.

समीक्षाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ती अंगणवाडीत शिकवते. मोजणं हा तिचा आवडता विषय. त्या दिवसापासून मला जरा कुठे धडधडलं की ती फोनवर वीस मिनिटं लावायची आणि समोर बसून सुरू करायची, "आई, चार आत... सहा भाईर. पाय खाली. पदर सोडा, मुठी कायले आवळता?" मी मरत असताना ती मला मुठीवरून बोलायची. पण खरं सांगते, काम भागायचं. बरी झाले असं नाही. आता मला मरताना सोबत असायची, आणि मरण वीस मिनिटांत संपायचं.

उन्हाळाभर मी जवळ जवळ गेले. आधी धुऱ्यापर्यंत. जून-जुलैत कपाशी गुडघ्याला होती तेव्हा दहा तासं, म्हणजे दहा ओळी, आत. मग फवारणीला पाणी नेऊन देऊ लागले. बाटलीला मात्र हात लावला नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, घाई नाही. मी त्या 'घाई नाही'चं लोणचं घातलं. औषध आता माझा मुलगा कपिल कालवायचा, आणि तोच फवारायचा. तो टोपणाने मोजत नाही. बाटली तिरपी करतो आणि म्हणतो, "झालं."

गावाला माझा आजार एव्हाना पाठ झाला होता. वर्षाआधी कुणीही थरथरलं की सगळे म्हणायचे, औषध लागलं. आता कुणीही थरथरलं की म्हणायला लागले, कोकिळाबाईचं घाबरं. जमनीबाईची गाय दूध चोरायला लागली तर भगवानराव तिला म्हणाले, "घाबरली असन. आमच्या सुनेले बोलाव, चार-सहा मोजून देईन." मी हसायचे. आपल्या दुखण्यावर लोक हसतात म्हणजे त्याला घाबरत नाहीत, असं मला वाटायचं. त्यात काय वाईट होतं ते पुढे कळलं.

पोळ्यानंतर एकदा कपिलच्या मोटारसायकलसमोर संध्याकाळी रानडुक्कर आलं. पडला नाही, पण घरी येऊन तासाभराने त्याचं अंग कापायला लागलं, तोंड कोरडं, छाती धडधडती. समीक्षाने त्यालाही समोर बसवून मोजलं. पंधरा मिनिटांत उतरलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, "पोट्टा मायवर गेला." कपिलनेही हसून घेतलं.

त्यानंतरचा आठवडा. चार दिवस पाऊस गायब, उकाडा असा की झाडाचं पान हलेना, आणि वारं सुटलं तर कुठूनही. कपिल सकाळी सातलाच पंप घेऊन गेला. तोंडाला बांधायचं कापड मी त्याच्या गळ्यात अडकवून दिलं, आणि ते दिवसभर गळ्यातच राहिलं हे नंतर कळलं.

बाराच्या सुमाराला तो परत आला. पंप अंगणात ठेवला, सपरीत खाटेवर बसला. जेवायला म्हटलं तर हात हलवला.

"डोकं दुखून राह्यलं. जीव घाबरून राह्यला."

समीक्षा आतून भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आली. त्याचा घाम पाहिला. मग हसली, काळजीने हसतात तसं.

"आलं का तुमालेही दुसऱ्यानदा? बसा नीट. पाय खाली घ्या." फोन काढला, वीस मिनिटं लावली. "चार आत..."

भगवानराव दारात उभे होते. "उतरते बे, उतरते. तुह्या मायचं सात वेळा उतरलं."

कपिल म्हणाला, "हो नं, आईवानीच झालं." आणि गमछ्याने तोंड पुसलं.

मी भिंतीशी टेकून लसूण सोलत होते. त्याने तोंड पुसलं, दोन श्वास घेतले आणि परत पुसलं. परत. गमछ्याचं ते टोक ओलं होतं. कपाळाचा घाम कपाळावरच होता. तो तोंड पुसत होता. मग तो उठून अंगणाच्या कडेला ओकला, आणि येऊन परत बसला. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, आणि तो रडत नव्हता.

मी लसूण खाली ठेवला, उठून त्याच्यासमोर गेले आणि हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं. सपरीत अंधूक असतं. अंधुकात बाहुली मोठी व्हायला हवी. त्याच्या डोळ्यांत मोहरीचे दोन दाणे होते.

मी भीतीचं जुनं गिऱ्हाईक आहे. मला माल ओळखता येतो. हा आमच्या दुकानातला नव्हता.

"हे माह्यं नाई," मी म्हणाले. "हे औषध हाय. याले वणीले न्या."

एवढं बोलले आणि माझी छाती सुरू झाली.

ती कशी सुरू झाली काय सांगू. सात वेळांची मिळून एकदम. ओठ गेले, बोटं गेली, कानात पाण्याचा पंप चालू झाल्यासारखा आवाज. मी परत बोलायला गेले तर जीभ टाळूवरून सुटेना. घशातून नुसतं 'व... व...' निघालं.

"अवं माय," समीक्षा म्हणाली, "आईलेही आलं."

"दोघांले एकदम!" भगवानरावांनी कपाळाला हात लावला. "एकाले पाह्यलं का दुसऱ्याले येते. बसव तिले."

त्यांनी मला खाली बसवलं. माझ्याच मुलाशेजारी. समीक्षाने एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, एक माझ्या, आणि वर्गात दोन पोरं शिकवावीत तशी आम्हा दोघांना शिकवू लागली. "चार आत. सहा भाईर. आई, तुमी बोलू नका. बोललं का दम लागते. पाय खाली. मुठी सोडा."

मी मुठी सोडल्या नाहीत. मी तिचा हात ढकलला. तिने परत ठेवला, जास्त प्रेमाने. जमनीबाई कुंपणावरून म्हणाली, "कोकिळाबाई, लंबा श्वास घे व, कायले जीवाले लावून घेते." सगळे इतके चांगले वागत होते. मी त्यांना जे जे शिकवलं होतं ते सगळं ते माझ्यावर चालवत होते. माझ्या बाजूला कपिलची पापणी उडत होती, तिच्याखाली गालावरचं मांस बारीक बारीक उडत होतं, आणि फोनवर अजून सोळा मिनिटं शिल्लक होती.

मला कळलं, हे उतरायची वाट पाहिली तर उशीर होईल. आजवर मी वाट पाहायला शिकले होते. उतरल्यावर उठायचं. आज उतरायच्या आधी उठायचं होतं, आणि तसं तर कुणी शिकवलं नव्हतं. मी मनात अंगाला म्हणाले, तू थरथर, तुझं तू पाहा, मला काम आहे.

बोलता येत नव्हतं, म्हणून मी सुनेसमोर तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली.

समीक्षा मोजता मोजता थांबली. सासू जीभ काढून दाखवते म्हटल्यावर कुणीही थांबेल. मी बोट आधी माझ्या जिभेवर ठेवलं. कोरडी, पांढरी, बोटाला काही लागेना. मग कपिलचा खालचा ओठ बोटाने ओढला. लाळेची तार माझ्या मनगटापर्यंत आली.

तिने माझं मनगट पाहिलं. त्याचे डोळे पाहिले. वहीत तिनेच लिहून घेतलं होतं सगळं.

"बाबा," ती एवढ्या हळू म्हणाली की भगवानराव घाबरले, "हे खरंच हाय."

मग ती कामाला लागली. त्याचा सदरा ओढून फाडला, "पानी आना, साबन आना" म्हणून सासऱ्यावर ओरडली. आजवर ती त्यांच्याशी डोक्यावरचा पदर सावरून बोलत आली होती. भगवानराव बादली घेऊन धावले, घाईत निम्मी सपरीतच सांडली. तिने एका हाताने इकबालभाईंना फोन लावला. वाजत राहिला. गॅरेजमध्ये मशीन चालू असलं की त्यांना ऐकू जात नाही.

मी बोटाने खूण केली, मी जाते.

आधी गोठ्यात गेले. दवाखान्यात बाटली मागतात, हे उकंडाच्या वेळी मला कळलं होतं. तेव्हा बाटली न्यायला कुणाला सुचलं नव्हतं आणि डॉक्टर सारखे विचारत होते, कोणतं औषध, कोणतं औषध. बाटल्या कोनाड्यात होत्या. दोन होत्या, दोन्ही उघड्या. पठ्ठ्याने दोन्ही एकत्र कालवल्या होत्या. वर्षभर मी त्या कोनाड्याकडे पाठ करून शेण काढत होते. तो वास नाकात गेला तशी डोळ्यांसमोर उकंडा धुऱ्यावर बसला. मी त्याला बसू दिलं. बाटल्या पदरात गुंडाळल्या आणि निघाले.

वळण सात-आठ घरांवर आहे. रस्ता हलत होता, म्हणजे मीच हलत असेन. एका हाताने भिंती धरत गेले. दोघीतिघी म्हणाल्या, "आलं वाटते कोकिळाबाईले." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

इकबालभाई एका पंपाची बॅटरी खोलून बसले होते. मला पाहून उठले आणि किल्लीच घेतली.

"भाभी, फाट्यावर?"

मी मान हलवली. नाही. घशातून खरवडून तीन शब्द काढले. "कपिल. औषध. वणी."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. सात वेळा त्यांनी मला गाडीत घातलं होतं. आता हेही म्हणतील, भाभी बसा, पाणी प्या, असं मला वाटलं. तर ते म्हणाले, "तुमी चालत आल्या?"

"हो."

"तुमाले तं दरवेळी चार जण उचलून आनतेत." त्यांनी बॅटरी तशीच टाकली. "बसा गाडीत. कलीम, दुकान पाह्य रे!"

घरी पोचलो तेव्हा कुणालाही समजवायची गरज राहिली नव्हती. कपिल ओल्या अंगाने खाटेवर कलंडला होता, पॅन्टमध्ये संडास झाली होती, आणि तोंडाला फेस होता. भगवानराव त्याला उचलताना म्हणत होते, "मले वाटलं उतरन. मले वाटलं उतरन." गाडीत सांगत राहिले, फाटा येईपर्यंत.

फाट्यावर सलाईनवाल्या डॉक्टरची पाटी दिसली. इकबालभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाई. सरळ."

वणीपर्यंत कपिलचं डोकं समीक्षाच्या मांडीवर, कुशीवर वळवलेलं, आणि बाटल्या माझ्या मांडीवर. माझं उतरलं नव्हतं. सगळा रस्ता ते माथ्यावर बसून होतं. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. या वेळी डुक्कर खरं होतं, मग भोंगा थांबेल कशाला.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने कपिलच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि काही न विचारता सुई मागवली. मग विचारलं, "बाटली आणली का?" मी पदर उघडला. त्यांनी दोन्ही बाटल्या वाचल्या, घड्याळ पाहिलं, कधीपासून ते विचारलं. "बाराला घरी आला," मी म्हणाले. आवाज परत आला होता, मलाच नवल वाटलं. कागदावर लिहिता लिहिता ते म्हणाले, "कुणी ओळखलं?"

समीक्षा म्हणाली, "आईनं."

"नर्स आहेत का?"

"नाई," समीक्षा म्हणाली. पेशंट आहेत, असं तर म्हणता येत नव्हतं.

सुयांवर सुया दिल्या. चारच्या सुमाराला आम्हाला एकेकाने आत सोडलं. कपिल बडबडत होता. पाणी मागत होता, पंपाला शिव्या देत होता. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. जीभ लाकूड झालेली. डोळ्यांत पाहिलं, बाहुल्या मोठ्या, काळ्या. हे तर माझंच झालं याला! नर्सला विचारलं. ती म्हणाली, "बाई, सुई लागू पडली की असंच होते. कोरडं पडलं म्हनजे चांगलं. आमी तेच पाहून राह्यलो." जन्मात पहिल्यांदा मला कोरड्या तोंडाची किंमत कळली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वेळेत आणलं. पण हे औषध दोन दिवसांनीही उलटतं, श्वासावर येतं. तिसरा दिवस गेला की बोलू."

भगवानराव एसटीने गावी गेले, कपडे आणायला आणि बैलांना पाणी दाखवायला. जाताना माझ्यासमोर थांबले. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, "तुह्यी गोळी आनतो. कुठी ठेवली?"

"मसाल्याच्या डब्यामागं."

"हं," म्हणाले आणि गेले. लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या 'हं'मध्ये किती सामान भरलेलं असतं ते मला ठाऊक आहे.

मग वऱ्हांड्यात मी आणि समीक्षा राहिलो. समोर लोखंडी दार, त्याच्या काचेतून कपिलचे पाय दिसत होते. करायला आता काही नव्हतं, आणि तेव्हाच माझ्यात परत सुरू झालं. आधी पदर हलला, मग बोटं. मी बाक घट्ट धरला. समीक्षाने पाहिलं. तिने फोन काढला, मग परत पिशवीत ठेवला. दुपारपासूनचं तिच्या डोळ्यांत आलं. तिने आधी माझं मनगट धरलं, मग हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, मी कपिलचं वळवलं होतं तसं.

"आई," ती म्हणाली. "हे कोनतं?"

मी जीभ टाळूवरून सोडवली.

"घरचं," मी म्हणाले. "बस जवळ."

"मोजू?"

"नको. त्याच्या पायाकडे पाह्य. हलले का सांग."

ती बाकावर टेकली, माझ्या खांद्याला खांदा लावून. दर पंधरा मिनिटांनी नर्स आत जायची, कपिलच्या डोळ्यांत बॅटरी मारायची, कागदावर काहीतरी लिहायची आणि आमच्याकडे न पाहता निघून जायची. तिसरा दिवस अजून परवा होता.